गृहविज्ञानात कोयता कोठे?

१९३२ साली या देशात दोन संस्था उभ्या राहिल्या. दिल्लीत अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढाकाराने लेडी आयर्विन कॉलेज निघाले आणि तेथे मुलींना गृहविज्ञान शिकविले जाऊ लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने आरोग्यशास्त्र व सार्वजनिक स्वास्थ्याची अखिल भारतीय संस्था सुरू झाली आणि तेथे डॉक्टरांना साथीचे रोग, पाणी, सांडपाणी, आहार या विषयांचे शिक्षण मिळू लागले. घर मुलींकडे गेले, समाजाचे आरोग्य डॉक्टरांकडे गेले. ही वाटणी कोणी ठराव करून केली नव्हती. पण उच्च शिक्षणाने ती पुढे नव्वद वर्षे निष्ठेने सांभाळली. कला आणि विज्ञान शाखांचा सामान्य पदवीधर, विशेषतः पुरुष पदवीधर, कुटुंबाविषयी किंवा आरोग्याविषयी एकही तास न शिकता बाहेर पडू शकतो, हे या वाटणीचे फळ आहे.

या वाटणीची किंमत काय पडते हे पाहावयाचे असेल तर बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाच्या वहीत माणसांची नावे नसतात, कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. उचल जोडीला मिळते, ती जोडीनेच फेडावयाची असते आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दंडही जोडीलाच बसतो. गृहविज्ञानाच्या पुस्तकात कुटुंब हे ‘समाजाचे मूलभूत एकक’ म्हणून येते. मुकादमाने ते कधीच मान्य केले आहे, फक्त त्याने त्या एककाला कोयता असे नाव दिले आहे! पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, कोपीवर पाणी नाही आणि खाडा परवडत नाही. अशा वेळी अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या पंचविशी-तिशीतल्या बाईला कॅन्सरची भीती घातली जाते आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते व ते कर्ज फेडण्यासाठी पुढच्या हंगामाची उचल घेते. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली.

हा प्रश्न कोणत्या विषयाचा? डॉक्टर म्हणेल, हा स्त्रीरोगाचा. गृहविज्ञानाची प्राध्यापिका म्हणेल, हा कौटुंबिक साधनसंपत्तीच्या नियोजनाचा. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणेल, वेठीच्या कर्जाचा. खरे पाहता तो तिघांचाही आहे, आणि म्हणूनच आजच्या विद्यापीठीय व्यवस्थेत तो कोणाचाच नाही. कुटुंबशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय पदवीपूर्व वर्गांत एकत्र, मुलगे व मुली दोघांनाही शिकविले जावेत ही मागणी येथून सुरू होते.

ही मागणी ऐकून काही जुने कार्यकर्ते हसतील. ज्या कोपीवर पाण्याचा हंडा नाही तेथे अभ्यासक्रमाने काय होणार, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो खोटा नाही. कोपीवर पाणी येईल ते संघटनेच्या जोरावर आणि कारखानदारावर बसणाऱ्या कायद्याच्या वचकाने. परंतु त्या हसण्यात दुसरेही काही मिसळलेले असते, ते अधिक तपासून पाहावयास हवे. स्वयंपाक, बाळंतपण, पाळी, मुलांची आजारपणे हे विषय ‘बायकांचे’ आणि म्हणून चळवळीच्या मुख्य कार्यक्रमाबाहेरचे, ही समजूत समाजवाद्यांच्या घरांतही पुष्कळ काळ नांदली आहे. बैठकीत समतेचा ठराव होतो तेव्हा चहा आतूनच येतो.

महाराष्ट्राला याबाबत अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ ते १९५३ या काळात त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालविले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. जे महाविद्यालयाच्या वर्गात शिकविले जावयास हवे होते ते एका माणसाने मासिकातून शिकविले. त्यांच्या पश्चात काय झाले? २००७ साली याच राज्याने शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद पाडला. तेव्हा महाविद्यालयात येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या शरीराविषयी जे ठाऊक असते ते कोणाकडून शिकलेले असते, याचा अंदाज करावयास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

अभ्यासक्रमात काय असावे याविषयी एकच उदाहरण पुरे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी कुटुंबनियोजनासाठी स्त्री-नसबंदीचा मार्ग घेतला होता. पुरुष-नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी जोखमीची. तरीही हे प्रमाण! हे दोन आकडे फळ्यावर लिहून मुलगे आणि मुली एकत्र बसलेल्या वर्गात ‘असे का?’ एवढाच प्रश्न विचारला तर एक सत्र पुरणार नाही. त्या प्रश्नाचा माग काढीत विद्यार्थी आणीबाणीपर्यंत जाऊन पोहोचेल. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि त्यांतील कितीतरी सक्तीच्या होत्या. सक्तीचा कायदा करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही, एवढेच. १९७७ नंतर ‘कुटुंब नियोजन’ हे नाव जाऊन ‘कुटुंब कल्याण’ हे नाव आले. नाव बदलले आणि शस्त्रक्रियेचा भार पुरुषांवरून स्त्रियांवर गेला. सत्तेने केलेल्या अत्याचाराची भरपाई अशा रीतीने बायकांनी केली. हे कुटुंबशास्त्र आहे, सार्वजनिक आरोग्य आहे आणि राज्यशास्त्रही आहे. पौष्टिक पाककृतींच्या प्रात्यक्षिकाला कोणाचा विरोध नाही. पण त्याच पाहणीत देशातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तो पाककृती ठाऊक नसल्यामुळे झालेला नाही.

गेल्या काही वर्षांत काही हालचाली झाल्या आहेत, त्यांची नोंद घेणे न्यायाचे होईल. कृषी विद्यापीठांतील गृहविज्ञानाचे आता ‘सामुदायिक विज्ञान’ झाले आहे. परभणीच्या महाविद्यालयाचेही नाव तसे बदलले. नाव योग्य आहे. परभणीपासून बीडचे फड फार लांब नाहीत, तेव्हा समुदाय कोठे शोधावा हा प्रश्न तेथे पडू नये. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातील काही कुटुंबे ‘दत्तक’ घ्यावीत व त्यांच्या आरोग्याचा मागोवा घ्यावा अशी योजना आली. चांगली आहे. दत्तक हा शब्द मात्र खटकतो. ज्या घराने आपला दरवाजा उघडून अठरा वर्षांच्या पोराला दारिद्र्य म्हणजे काय ते दाखविले, त्या घराने खरे तर त्या पोराला दत्तक घेतलेले असते.

पण शिकविणार कोण? नवे विषय आले की महाविद्यालये ते तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या गळ्यात मारतात. तासावर मोबदला घेणारा, सुट्टीत बिनपगारी असणारा, पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेला अध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आठवडाभर गावात पाहणीसाठी कसा राहणार? आणि शिकून बाहेर पडलेल्यांनी करावयाचे काय? गावाचे आरोग्य आज प्रत्यक्षात ज्या सांभाळतात त्या आशांना शासन ‘स्वयंसेविका’ म्हणते, म्हणजे वेतन द्यावयास नको. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली; तिच्यातील सेविकांना उपदानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. मधली सत्तेचाळीस वर्षे त्या काम करीतच होत्या. या स्त्रियांना मानधनावर ठेवणारे शासन सार्वजनिक आरोग्याच्या पदवीधराला पगाराची जागा देईल, ही आशा त्यांच्या लढ्यापासून वेगळी काढता येणार नाही. या विषयाचे अध्यापकही गावातील आशांमधून, अनुभवी परिचारिकांमधून आणि सुइणींमधून अंशतः का घेऊ नयेत? त्यांना पाहुण्या म्हणून शाल-श्रीफळ देऊन पाठविण्याऐवजी पूर्ण मोबदला देऊन वर्ग त्यांच्या स्वाधीन करावा.

कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे बरेच आहे. २०१६ च्या कायद्यानुसार विद्यापीठांच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. ही नोंदणी करून घेण्यात आपले लोक आळशी असतात आणि निवडणूक जाहीर झाली की हळहळतात. अभ्यास मंडळांवर जे सहानुभूतीदार अध्यापक आहेत त्यांनी हा विषय वैकल्पिक आणि केवळ मुलींच्या महाविद्यालयांपुरता राहू देऊ नये. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतातच. ती झाडे लावून आणि फेरी काढून संपविण्यापेक्षा कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर न्यावीत, तेथे पाण्याची, संडासांची आणि जवळच्या दवाखान्याच्या अंतराची मोजदाद करावी आणि तो तक्ता साखर आयुक्तांच्या कचेरीत द्यावा.

दिवाळीच्या आसपास टोळ्या गाव सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. महाविद्यालयांचे दुसरे सत्र याच काळात चालते. मराठवाड्यातील कितीतरी वर्गांत त्या महिन्यांत काही बाके रिकामी असतात; त्या बाकांवरची मुले कोणाच्या तरी कोयत्यात भरती झालेली असतात. या विषयाच्या पहिल्या तासाला हजेरी घेताना त्यांची नावे मोठ्याने वाचली जावीत, आणि ती कोणत्या कारखान्यावर आहेत तेही वर्गाला विचारले जावे.