भात भाताशी तोलणारे

जुलै २०२५ मध्ये सरकारी पत्रक निघालं : समानतेत भारत जगात चौथा! पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, बेलारूस. अमेरिका, ब्रिटन, जपान, जर्मनी सगळे आपल्या मागे. गोदीत पेपर वाचून आमची पोरं खदखदून हसली. हमालाला काटा मारलेला लगेच कळतो.

आकडा गिनी निर्देशांकाचा, २५.५. शून्य म्हणजे सगळे सारखे, १०० म्हणजे सगळं एकाच्याच घशात. (हा गिनी इटलीचा. १९२७ मध्ये फॅसिझमचा ‘शास्त्रीय पाया’ मांडणारा हाच. असो.) लबाडी काटा धरणाऱ्याची. अमेरिका-युरोपची कमाई मोजली आणि आपला खर्च!

म्हणजे काय, ते गोंदिया जिल्ह्यात, आमच्या अर्जुनी मोरगावकडे येऊन बघा. बाई मे महिन्यात पहाटेच जंगलात शिरते, तेंदूची सत्तर-सत्तर पानं बांधून फळीवर मोजून देते. पावसात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी. उरलेल्या दिवसांत हजारी भावानं बिड्या वळते. त्यातल्या वाकड्या म्हणून सट्टेदार काढून टाकतो, त्याचे पैसे नाहीत. काम नसलं तरी चूल पेटवावीच लागते. रेशनचा तांदूळ, दुकानची उधारी, गटाचं कर्ज. हा सगळा तिचा ‘खर्च’. आणि ज्याच्या चार राईस मिली आहेत तो खाऊन खाऊन किती खाईल? पोट त्यालाही एकच. बाकीचा पैसा जमिनीत, शेअरात. तो खर्चात येतच नाही. भात भाताशी तोलला की झालो आम्ही समान, च्यायला!

ज्या जागतिक बँकेचा दाखला दिला, तिच्याच टिपणात लिहिलंय की या आकड्यात विषमता कमी दिसू शकते. कमाईवरून गिनी २००४ मध्ये ५२ होता, २०२३ मध्ये ६२. पत्रकातून तेवढंच गाळलं. पिकेटी आणि त्याच्या सोबत्यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला : २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या कमाईतले २२.६ टक्के. इंग्रजी राज्यातही एवढं नव्हतं.

कुणी शहाणा म्हणेल, यंत्रं आली, विषमता सगळीकडेच वाढली. थांब दोस्ता. १९८० मध्ये वरच्या एक टक्क्याचा वाटा अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात सारखाच, दहाच्या आसपास. २०१६ मध्ये अमेरिकेत २०, पश्चिम युरोपात १२. कंटेनर तेच, कॉम्प्युटर तोच. मग? रेगननं १९८१ मध्ये संपावरचे अकरा हजारांवर विमान नियंत्रक एका झटक्यात घरी बसवले. श्रीमंतांवरचा वरचा कर ७० टक्क्यांवरून १९८८ मध्ये २८ वर आणला. थॅचरबाईनं १९८९ मध्ये ब्रिटनच्या गोदी कामगारांना कामाची हमी देणारी योजना मोडली. विषमता पावसासारखी वरून पडत नाही. ती सही करून आणतात.

आपल्याकडेही सह्या झाल्याच. १९४८ चा गोदी कामगार कायदा मोठ्या बंदरांतून काढून घ्यायची वाट १९९७ मध्ये कायद्यानंच मोकळी केली. आज मी कंत्राटावर. २०१५ च्या बजेटनं संपत्ती कर उडवला. २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ वर. आमच्या साबणावर जीएसटी आहेच.

राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, हा धोका बाबासाहेबांनी १९४९ मध्येच संविधान सभेत सांगितला होता. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते आमच्याच मुलखातून, भंडाऱ्यातून उभे राहिले. पाडलं.

आता कमाई मोजा. जातीसकट मोजा. आणि पोरांनो, कॉलेजात एखादा प्राध्यापक तो चौथा नंबर फळ्यावर लिहायला लागला तर उभं राहून विचारा : सर, खर्च की कमाई?