उशिराचे बिल प्रवाशाच्याच नावावर

सिल्वासाच्या माणसाचा विमानप्रवास विमानतळाच्या कितीतरी आधी सुरू होतो. गावाला रेल्वे स्टेशन नाही. दमणला धावपट्टी आहे, पण ती तटरक्षक दलाची. म्हणजे आधी वापी गाठायची, तिथून गाडीने बोरिवली आणि मग मिळेल ती रिक्षा. सकाळी नऊच्या विमानासाठी गावातल्या पिपरिया भागातला नोकरदार मध्यरात्रीच घर सोडतो. विमानतळावर पोहोचतो न पोहोचतो तोच मोबाइलवर संदेश येतो : उड्डाण पाच तास उशिरा.

या पाच तासांचे मोल नियमाच्या हिशेबी चहा-नाश्त्याएवढे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा हा नियम 2010 पासून चालत आला आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणेपिणे द्यायचे. उशीर सहा तासांवर जाणार असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे. 24 तासांवर गेला तर हॉटेल. रात्री आठ ते पहाटे तीनच्या उड्डाणांना ते सहा तासांनंतरच. पैशातली भरपाई मात्र ऐनवेळी उड्डाण रद्द झाले, तरच. तीही 5 ते 10 हजार किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. तिकीट हातात असूनही चढू दिले नाही, तर 20 हजारांपर्यंत. ‘रद्द’ म्हटले की कंपनीच्या खिशाला चाट, ‘लेट’ म्हटले की सँडविचवर सुटका! मग कंपनी कोणता शब्द निवडेल? युरोपात मुक्कामी पोहोचायला तीन तास उशीर झाला, तरी अंतरानुसार 250 ते 600 युरो मागता येतात. तिथल्या न्यायालयाने 2009 मध्येच लांबलेला उशीर रद्द उड्डाणाच्या पंक्तीला बसवला.

आपल्याकडे दंड होतो, पण तो सरकारजमा. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची तीन दिवसांत 2,507 उड्डाणे रद्द झाली, 1,852 रखडली, तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. कारण होते वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम; ते कधी लागू होणार, हे कंपनीला आधीपासून ठाऊक होते. डीजीसीएने 22.20 कोटींचा दंड ठोठावला. सर्वाधिक हाल झालेल्यांना कंपनीने 10 हजारांची व्हाउचर देऊ केली, म्हणजे पुन्हा त्याच कंपनीचे तिकीट.

नियम पाठीशी नसला, तरी ग्राहक कायदा आहे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. सिल्वासाच्या प्रवाशाने कंपनीच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. तिकिटापोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. बोर्डिंग पास, उशिराचे संदेश, टॅक्सीची आणि जेवणाची बिले तेवढी जपायला हवीत. बुडालेला कामाचा दिवस कागदावर दाखवता आला, तर उत्तम.

उशिराचे कारणही लेखी मागावे. 2011 मध्ये इंडिगोच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धुक्यामुळे झालेल्या उशिराबद्दल दिलेली 10 हजारांची भरपाई रद्द केली; मात्र ताटकळलेल्या प्रवाशांची सोय पाहणे हे कंपनीचे कर्तव्यच, असेही बजावले. धुके कंपनीच्या हातात नसते हे मान्य. पण वैमानिकांचे वेळापत्रक तिच्याच हातात असते, आणि त्यापायी झालेल्या तीन तासांवरच्या उशिराला रद्द उड्डाणाइतकीच भरपाई डीजीसीएने नियमात लिहायला हवी. तोवर काउंटरवरच्या ‘ऑपरेशनल रीझन’वर समाधान मानून वापीची परतीची गाडी पकडू नये.