रेशीम सोडलं, पण पॉलिएस्टरचं काय?



कोश उकळताना आतले जीव मरतात, म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणींनी रेशीम सोडलं. त्याऐवजी ‘आर्ट सिल्क’ घेतलं आणि निर्धास्त झालो. मीही त्यातलीच.

ही साडी पुष्कळदा पॉलिएस्टरची असते. इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली हा धागा शोधला. आपलं टेरिकॉट म्हणजे त्याचं सुताबरोबरचं मिश्रण. खनिज तेलातून मिळणाऱ्या रसायनांचं प्लास्टिक करायचं, ते २६० अंशांच्या पुढे तापवून बारीक छिद्रांतून दाबायचं, की धागा तयार. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तेच!

ते चुरगळत नाही, लवकर वाळतं, स्वस्त पडतं, हे खरंच. पण प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात. ते कुजत नाहीत. गटारातून नदी-समुद्रात जातात, माशांच्या पोटात जातात. आपण पाणी गाळून जिवाणी जपून परत पाण्यात सोडतो आणि त्याच पाण्यात हे तंतूही सोडतो!

मग पुन्हा रेशीम? मुळीच नाही. रोजच्या वापराला सुती बरं. पण कापसावरही फवारणी होतेच. म्हणून माझ्या मते खरं उत्तर कापडात नाही, अपरिग्रहात आहे. घरातलं पॉलिएस्टर टाकू नका, विरेपर्यंत वापरा, गरजेपुरतंच धुवा. आणि नवी साडी घेण्याआधी एकदा कपाट उघडून बघा.