८० पानांतली आपली ७ पाने



कपाशीला पात्या लागल्या, की गटाच्या मोबाइलवर एक फाइल येऊन पडते. तिला प्रेझेंटेशन म्हणतात आणि तिच्या एकेका पानाला स्लाइड. पाने असतात ७०-८०. बोंडअळीचे शास्त्रीय नाव, तिचा जीवनक्रम, देशोदेशीचे नकाशे, सगळे काही त्यात असते. माहिती खरी असते, पण दिवसभर निंदणी करून आलेला माणूस १० पाने पाहतो आणि जांभई देऊन मोबाइल खाली ठेवतो. नेमके कामाचे पान असते ४३वे! तेव्हा एवढ्या पानांतून आपली पाने निवडून त्यांची वेगळी फाइल कशी करायची, ते आज सांगतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा फिल्मच्या स्लाइड असत. डब्यातून हव्या त्या उचलायच्या, खिशात घालायच्या आणि गावात जाऊन चावडीच्या भिंतीवर दाखवायच्या. सोपे काम. पण परत आल्यावर त्या डब्यात ठेवायच्या राहून जात आणि पुढच्या गावाला तो डबा अपुराच जाई. त्यातून एक धडा घेतला : मूळ संचाला हात लावायचा नाही. बियाण्यासाठी निवडक कणसे आपण बाजूला काढतो, म्हणून काही बाकीचे खळे उधळून टाकत नाही.

आता कृती ऐका. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर शेजारी बसवून घ्या.

संगणकावर पॉवरपॉइंटमध्ये मूळ फाइल उघडा. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘स्लाइड सॉर्टर’ निवडा. सगळी पाने वाळवणासारखी पसरलेली दिसतील. पहिल्या हव्या पानावर क्लिक करा. मग ‘कंट्रोल’ची कळ दाबून धरा आणि बाकीच्या हव्या त्या पानांवर एकेक क्लिक करत जा. सगळी निवडून झाली, की ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ दाबा, म्हणजे नक्कल घेतली जाते. आता नवी कोरी फाइल उघडा. डाव्या बाजूच्या पट्टीत माउसचे उजवे बटण दाबा आणि पेस्टच्या पर्यायांतून ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडा. तसे केले नाही, तर पानांचे मूळचे रंग आणि मांडणी बदलते. नव्या फाइलला समजेल असे नाव द्या : पीक, गाव, महिना.

संगणक नसेल तर मोबाइलवरही जमते. गूगल स्लाइड्समध्ये आधी ‘मेक अ कॉपी’ करून फाइलची नक्कल घ्या. मग त्या नकलेतले नको असलेले पान बोटाने दाबून धरा आणि काढून टाका. नक्कल घ्यायची मात्र विसरू नका. नाहीतर मूळ फाइलच रिकामी व्हायची.

गटात पाठवण्याआधी तिची पीडीएफ करा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली पाने दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. पीडीएफमध्ये सहसा तशी गडबड होत नाही.

कृती तर झाली. पण निवड कशी करायची? इथेच माझी चूक झाली होती, ती सांगतो.

कपाशीच्या एका गावात सभेसाठी मी अशाच मोठ्या फाइलमधून ५ पाने काढली. कामगंध सापळ्याचे पान घेतले : एकरी २ सापळे. डोमकळीचे घेतले, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल. हिरवी बोंडे फोडून पाहण्याचे घेतले. फवारणी केव्हा करायची, ते घेतले : सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा २० बोंडांपैकी २ बोंडांत अळी दिसली, की समजा वेळ आली. आणि शेवटी औषधाच्या प्रमाणाचे घेतले. “मुद्द्याचं तेवढंच आणलंय,” असे मी ऐटीत म्हणालो.

सभा संपली तशी मागून एक बाई उठल्या. “साहेब, औषध किती टाकायचं ते समजलं. पण आमचे हे फवारून येतात अन् तसेच लेकराला उचलून घेतात. त्याचं काही लिहिलं नाही का यात?”

लिहिले होते. पुढच्याच पानावर होते. ‘हे तर सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून ते मीच गाळले होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे ठाऊक असूनही गाळले होते. “मावशी, चूक माझी,” असे म्हणालो आणि तोंडाने सगळे सांगितले : हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचे नाही, मनाने दोन-तीन औषधे एकत्र करायची नाहीत, काम संपल्यावर साबणाने अंघोळ करूनच लेकराला घ्यायचे, चक्कर-मळमळ वाटली, तर औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल घेऊन तडक दवाखाना गाठायचा. पण तोंडी सांगितलेले सभेतच राहते. घरोघर गेली ती माझी अपुरी फाइल. म्हणून त्याच रात्री पान घालून ती पुन्हा पाठवली.

तेव्हापासून निवड करताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. येत्या १५ दिवसांत या गावाला काय करायचे आहे? निवडलेले पान एकटे उभे राहते का, की आधीच्या किंवा पुढच्या पानावाचून त्याचा अर्थ बदलतो? आणि शिफारस कोणाची, कोणत्या वर्षाची, हे सांगणारे पहिले पान घेतले का? शिफारशी बदलतात. वर्ष नसलेले पान तीन वर्षांनी गावात फिरत राहिले, तर नुकसानच करील.

आता मोजा. पहिले पान, सापळा, डोमकळी, बोंडे, फवारणीची वेळ, औषधाचे प्रमाण आणि खबरदारी. झाली ७. शेवटची दोन मात्र जोडीनेच ठेवायची. बैलजोडीतला एक बैल सोडून नांगर चालत नाही, तसे खबरदारीवाचून औषधाचे पान कोणालाही पाठवू नका.

फाइल तयार झाली, की गटात टाकण्याआधी घरातल्या बाईमाणसाला दाखवा आणि “यात काय राहिलं?” असे विचारा. आम्हा साहेबलोकांना न दिसलेले त्यांना दिसते, हा माझा अनुभव आहे.

बरे तर, येतो. पुढच्या आठवड्यात भेटू.