गळ्यातला पट्टा

सांग भावा, तुझ्या गळ्यात हे काय लटकतंय? कॅमेरा की जानवं?

राग येऊ दे. यावा म्हणूनच विचारलं. मुंबई-पुण्यातली आपली पोरं फोटोग्राफी शिकताहेत, मला बरं वाटतं. पण शिकायला लागून महिना होत नाही तोच पोरगा फुल फ्रेमच्या बाता मारतो. दीड-दोन लाखांची बॉडी पाहिजे, तिच्यावर 70-200 ची लेन्स पाहिजे. का? तर वर्कशॉपात सगळ्यांकडे आहे. साधा कॅमेरा घेऊन गेलं की तिथले लोक तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला जे विचारलं तेच पुन्हा: तू कोण? फक्त आता जात ओळखायची ती पट्ट्यावरच्या कंपनीच्या नावावरून. आणि आपलं पोरगं काय करतं? हा सवाल थुंकून टाकायच्या ऐवजी कर्ज काढून त्याचं उत्तर विकत घेतं.

हिशेब मांडू. कर्ज दोन लाख, व्याज वर्षाला 12 टक्के, हप्ते 24. महिन्याला साधारण 9,400 रुपये. दोन वर्षांत नुसतं व्याजच 26,000. च्यायला, तेवढ्या व्याजात सेकंडहँड साधी बॉडी आणि 50 ची लेन्स येते! मग हप्ता फेडायला पोरगा हळदी, बारशी, प्री-वेडिंग करत फिरतो. कामाला मी नावं ठेवत नाही, घामाचा पैसा आहे. पण कॅमेरा घेताना तू म्हणाला होतास, वस्तीचे फोटो काढीन. रविवारी वस्तीत मीटिंग, त्याच रविवारी लग्नाची ऑर्डर. ऑर्डर जिंकते. आजा सावकाराच्या वहीत होता, नातू फायनान्सच्या ॲपात आहे.

दुकानदार मेगापिक्सेल मोजून दाखवतो. आपणही मोजू. 8 बाय 12 इंचाची प्रिंट, इंचाला 300 ठिपके. 2400 गुणिले 3600, झाले 86 लाख. नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. आपले अंक याहून बारीक छापले जात नाहीत. बरं, अंधाराचं काय? दहा बाय दहाच्या खोलीत, 14 एप्रिलच्या रात्रीच्या मिरवणुकीत उजेड कमी पडतो, मान्य. पण कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स 50 च्या आसपास 5.6 वर अडकते. साधी 50 ची, 1.8 ची लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते, आणि ती महागड्या लेन्सांत मोडत नाही. हे वर्कशॉपात पहिल्या दिवशी सांगायला हवं. सांगत नाहीत, कारण मग पट्टा मिरवायचा कसा?

1972 साली आपल्या पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या ब्लॅक पँथरांचे फोटो काढणारा गॉर्डन पार्क्स आपल्या पोरांना माहीत नाही, लेन्सांची यादी मात्र तोंडपाठ. हा काळा माणूस रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर होता. प्रवाशानं टाकून दिलेल्या मासिकात त्यानं स्थलांतरित मजुरांचे फोटो पाहिले आणि सिअॅटलच्या एका गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा उचलला. चांगली साधनं आली ती कामामागून. 1942 साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसनला त्यानं अमेरिकेच्या झेंड्यासमोर झाडू घेऊन उभं केलं. एवढ्यावर थांबला नाही, तिच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला. आपल्याकडे सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. 2016 ला त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना कॅमेरा कुठला, असं तुझ्या डोक्यात तरी येतं का?

यावर एक दोस्त भडकला. म्हणाला, "स्वस्तात भागवा, हे आम्हालाच का सांगतोस? त्यांच्या पोरांना कुणी सांगत नाही."

सवाल खरा आहे. फाटक्या झोळीतच अस्सल कला असते असं सांगणाऱ्या साहित्यिकांचा मलाही वीट आलाय. उत्तम साधनावर आपला हक्क आहे. रात्री लांबून मोर्चा टिपायचा, दिवसभर पावसात उभं राहायचं, असं काम करणाऱ्याला मजबूत बॉडी लागतेच. हातातला कॅमेरा नेमका कुठं अडतो हे ज्या दिवशी तुला सांगता येईल, त्या दिवशी खुशाल घे. पण एकट्यानं कशाला? डीजेला वर्गणी निघते, कॅमेऱ्याला का नाही? दहा जणांत एक बॉडी, दोन लेन्सा, विहारातल्या कपाटात. वहीत नाव लिहून न्यायचं.

नाहीतर उलटा हिशेब कर. दोन लाखांचा एक, की वीस हजारांचे दहा? 11 जुलै 1997. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, वस्ती रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, 10 माणसं गेली. पोलिस म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला, पण तोवर किती दिवस गेले! त्या सकाळी पोरांच्या हातात दहा साधे कॅमेरे असते तर? आज खिशात फोन आहे. त्यानं तरी सुरुवात कर, कोण अडवतंय?

घ्यायचाच तर फोर्टात बोरा बाजारला जा. शटर किती वेळा उडालंय ते विचार. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का बघ, मुंबईच्या पावसाळ्यात ती धरते. वाचलेल्या पैशातून प्रिंटा काढ आणि ज्यांचे फोटो काढलेस त्यांच्या हातात नेऊन दे. आणि दुकानदाराकडून बिल घेतल्याशिवाय उठू नकोस. रस्त्यात अडवल्यावर आपल्या पोराला पहिला सवाल हाच असतो: कुठून चोरलास?