चौथ्यांदा वाजलेली फीत

'डीजे' हा शब्द महाराष्ट्रात पुरता बदनाम झाला आहे. वरातीपुढे वाहनावर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत, छातीत बसणारे हादरे आणि खिडक्यांच्या काचांचा थरथराट, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. त्यामुळे व्यापारी घरातील मुलाने किंवा मुलीने डीजे होण्याची इच्छा बोलून दाखवली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी अगदीच अनाठायी नसते. मात्र या कलेचे मूळ गोंगाटात नसून श्रवणात आहे, ही गोष्ट त्या घाईत नजरेआड होते. नवोदित डीजेला स्वतःचा सूर कसा सापडतो, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहरात घडले. व्यापाऱ्याला ते सहज उमजावे, कारण त्याचा आरंभ उठाव नसलेल्या मालापासून होतो.

जपानमधील रोलँड ही वाद्ये बनविणारी कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये स्थापन केली. तरुणपणी घड्याळदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या या उद्योजकाच्या कंपनीने १९८१च्या अखेरीस 'टीबी-३०३' नावाचे एक छोटेसे यंत्र बाजारात आणले. एकट्याने गाणाऱ्या किंवा गिटार वाजविणाऱ्या कलावंताला साथीला खर्जाचे गिटार वाजविणारा मिळाला नाही, तर त्याची उणीव या यंत्राने भरून काढावी, हा हेतू होता. हेतू चांगला असला, तरी माल फसला. यंत्राचा आवाज खऱ्या गिटारसारखा वाटेना आणि त्यात स्वर भरण्याची पद्धत इतकी किचकट होती, की गिऱ्हाईक कंटाळून जाई. सुमारे १०,००० नग तयार झाल्यावर १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबविले. उरलेली यंत्रे पडत्या भावाने निघाली आणि बरीचशी जुन्या वस्तूंच्या दुकानांत जाऊन पडली.

त्याच सुमारास शिकागोत दुसरा एक टाकाऊ ठरलेला माल जपला जात होता. १९७०च्या दशकात डिस्को संगीताने अमेरिका व्यापली होती. पण पुढे वारे फिरले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. मोठ्या बाजाराने डिस्कोकडे पाठ फिरविली. शिकागोतील 'वेअरहाउस' या क्लबात मात्र फ्रँकी नकल्स हे डीजे त्या तबकड्या वाजवीत राहिले. त्यांचा श्रोतृवर्ग बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचा होता. त्यात इतरत्र मोकळेपणाने वावरता न येणारे समलिंगी तरुण पुष्कळ होते. नकल्स जुन्या गाण्यांचे तुकडे लांबवीत आणि खालून यंत्राचा ठेका जोडीत. या संगीताला 'हाउस' हे नाव वेअरहाउसवरूनच पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नकल्स तेथून बाहेर पडल्यावर क्लबचे चालक रॉबर्ट विल्यम्स यांनी 'म्युझिक बॉक्स' या नव्या नावाने काम चालू ठेवले आणि तेथे रॉन हार्डी या डीजेची नेमणूक केली. हार्डी यांची ख्याती धाडसासाठी होती. ते तबकडी वेगात वाजवीत, कधी फीत उलटीसुद्धा फिरवीत.

या हार्डींना ऐकायला येणाऱ्यांत नॅथॅनियल पिएर जोन्स हा उपनगरातील तरुण होता. ढोल आणि क्लॅरिनेट शिकलेला हा मुलगा पुढे 'डीजे पिएर' या नावाने जगाला माहीत झाला. त्याचा मित्र अर्ल स्मिथ, म्हणजे 'स्पँकी', त्याला म्युझिक बॉक्समध्ये घेऊन गेला होता. एका परिचिताकडे पिएर यांनी टीबी-३०३चा आवाज ऐकला आणि तो त्यांच्या मनात घर करून राहिला. स्पँकी यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून तसेच एक यंत्र मिळविले. सोबत माहितीपुस्तिका नव्हती आणि शिकविणारा कोणी नव्हता. स्पँकी यांनी तालयंत्रावर ठेका सुरू ठेवला, आणि यंत्र कसे चालते हे समजून घेण्यासाठी पिएर त्याच्या कळी फिरवू लागले.

येथे यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. टीबी-३०३ मध्ये स्वर गाळणारी एक चाळणी असते. एक कळ फिरविली, की ही चाळणी उंच नाद कमीअधिक अडविते. दुसरी कळ फिरविली, की अडविण्याच्या नेमक्या जागेवरचा नाद फुगतो आणि शिट्टीसारखा टोकदार होतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय त्यात आहे. आपल्या संगीतातील मींडेची आठवण व्हावी अशी ती आहे. कंपनीच्या अपेक्षेप्रमाणे या कळी एकदा जुळवून सोडून द्यायच्या होत्या. पिएर यांनी त्या वाजता वाजता फिरविल्या. तेव्हा तीच ती स्वरावली कधी चिवचिवू लागली, कधी गुरगुरू लागली. गिटारची नक्कल करण्यात नापास झालेले यंत्र स्वतःच्या आवाजात बोलू लागले. स्पँकी यांनी थांबू नकोस, फिरवीत राहा असा आग्रह धरला. हर्बर्ट जॅक्सन हे तिसरे मित्र बरोबर होते. 'फ्यूचर' या नावाने काम करणाऱ्या या तिघांनी अकरा मिनिटांहून लांब अशी एक रचना ध्वनिमुद्रित केली आणि तिची फीत रॉन हार्डींच्या हाती नेऊन दिली.

पुढची हकिकत पिएर यांनी अनेकदा सांगितली आहे. हार्डींनी त्या रात्री फीत पहिल्यांदा लावली, तेव्हा नाचणारे लोक बाजूला झाले आणि जागा रिकामी पडली. तिघे मित्र खचले. काही वेळाने हार्डींनी तीच फीत पुन्हा लावली. थोडे लोक थांबले. तिसऱ्यांदा लावली, तेव्हा आणखी थांबले. पहाटेच्या सुमारास ती चौथ्यांदा वाजली, तेव्हा सगळे सभागृह बेभान होऊन नाचत होते. लवकरच शहरात त्या रचनेच्या नकला हातोहात फिरू लागल्या, त्याही 'रॉन हार्डींची ॲसिड फीत' या नावाने. कर्त्यांनी दिलेले नाव मागे पडले आणि लोकांनी दिलेले नाव टिकले. १९८७ मध्ये ती 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणून ट्रॅक्स रेकॉर्ड्सतर्फे प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'ॲसिड हाउस'ची लाट उसळली.

'ॲसिड' या शब्दाला नशेचा वास आहे आणि या संगीताभोवती अमली पदार्थांचा वावर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'युअर ओन्ली फ्रेंड' ही रचना आहे. तीत प्रत्यक्ष कोकेनच बोलते आणि आपल्या आहारी गेलेल्या माणसाचे आपण काय करू, हे बजावते. आपल्या श्रोत्यांना कोणता धोका आहे, हे या तरुणांना ठाऊक होते आणि त्यांनी तो पहिल्याच तबकडीत सांगून टाकला.

या कथेला मुंबईचा एक धागा आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग यांच्याकडे हेच यंत्र काही वर्षे आधी होते. १९८२ मध्ये त्यांनी टीबी-३०३ आणि त्याच कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र वापरून भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. मींडेसारखी घसरण त्यांच्या कामी आली. आज ती तबकडी ऐकणाऱ्याला शिकागोच्या ॲसिड हाउसची आठवण होते, एवढे दोन्हींत साम्य आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध मात्र काहीच नव्हता. सिंग यांच्या तबकडीला उठाव मिळाला नाही आणि ती विस्मरणात गेली. एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाले, तेव्हा जगभरचे संगीतप्रेमी चकित झाले. उतारवयात सिंग यांना परदेशातील रसिकांपुढे वादनाची संधी मिळाली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

यंत्र तेच होते, पारखही दोन्हीकडे होती; सिंग यांची संगीतातील तयारी तर कितीतरी अधिक होती. अंतर पडले ते एका गोष्टीने. शिकागोत नाकारलेली फीत त्याच रात्री पुन्हा तीनदा लावणारा एक माणूस होता, आणि मुंबईत तसा कोणी नव्हता. स्वतःचा सूर सापडणे हे निम्मे काम झाले. तो सूर कानांना परका असेपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा संधी देणारा कोणीतरी लागतो. पेढीवरही नवा माल पहिल्या आठवड्यात उठला नाही म्हणून जाणता व्यापारी तो लगेच फेकून देत नाही. तो जागा बदलून मांडतो आणि गिऱ्हाइकाला पुन्हा दाखवितो.

म्हणून मुलाने डीजे होण्याची इच्छा सांगितली, तर पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसावा. तो ऐकतो किती, एकाच आवाजावर किती दिवस टिकून राहतो, दुसऱ्याची नक्कल केल्यावर पुढे स्वतःचे काय करतो, हे पाहावे. महागडी सामग्री घेऊन देण्यापेक्षा एखादे जुने यंत्र आणि ठरवून दिलेली मुदत अधिक उपयोगी पडते. खर्चाची मर्यादा आखावी, हिशेब त्यालाच ठेवायला सांगावा, रात्रीच्या संगतीवर लक्ष असावे. रचना कोणाच्या हवाली करण्यापूर्वी करारपत्र वाचण्याची सवय लावावी. एवढे झाल्यावर घरच्यांकडेही एक कर्तव्य उरते. त्याने केलेली रचना पहिल्यांदा कानाला खटकेल. दुसऱ्यांदाही कदाचित खटकेल. निवाडा देण्यापूर्वी ती चार वेळा ऐकावी. चौथ्यानंतरही ती आवडली नाही, तर तसे स्पष्ट सांगण्याचा अधिकार घरच्यांना मिळालेला असेल, आणि ऐकणाऱ्यालाही ते बोल लागणार नाहीत.