दोन बोटांची जागा

आमच्या इंदूरच्या घरी महिंद्राची एक जुनी जीप आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठी, त्यामुळे घरात मानही माझ्यापेक्षा जास्त. गेल्या वर्षी तिचं इंजिन अगदीच थकलं. इतका धूर की जीप सुरू झाली की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या. पण जीप विकायचं नाव काढलं की बाबांचा चेहरा पडायचा. शेवटी जुनं २.१ लिटरचं डिझेल इंजिन काढून त्याच कंपनीचं २.५ लिटरचं बसवायचं ठरलं. आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर, यात दोन महिने गेले. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नका. उद्या अपघात झालाच तर विम्यावाले आधी तेच कागद मागतात.

इंजिन बसलं, सुरू झालं, बाबांनी पेढे आणले. एक गोष्ट मात्र कुणी नीट पाहिली नाही. नवं इंजिन जुन्यापेक्षा जरा पुढे आलं होतं आणि त्याच्या तोंडावरचा पंखा रेडिएटरला जवळजवळ टेकला होता. बाबांनी विचारलं तेव्हा मिस्त्रींनी पातं आणि रेडिएटर यांच्यात बोट घालून दाखवलं. "एक उंगली जगह है साहब, बहुत है." पंख्याभोवती पत्र्याचं एक आवरण असतं, त्याला शराउड म्हणतात. ते आता बसत नव्हतं, म्हणून काढून कोपऱ्यात ठेवलं होतं.

पहिल्याच आठवड्यात राजवाड्याच्या गर्दीत काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. मोकळ्या रस्त्याला लागलो की खाली यायचा. बाबा म्हणाले, "नवीन आहे, रुळेल." मग आम्ही महेश्वरला निघालो. आई, बाबा, मी आणि मागच्या सीटवर आजी. मानपूरच्या पुढे घाट उतरताना समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला, बाबांनीही जोरात दाबला. कर्रर्र असा आवाज झाला आणि बॉनेटमधून वाफेचा ढग उठला. पंख्याची पाती रेडिएटरमध्ये घुसली होती. आजी कुणाला काहीच बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली. तो हात मला अजून आठवतो.

टोचन करून जीप घरी आणली, नवा रेडिएटर घ्यावा लागला. मी इंग्रजी घेऊन बीए केलेली मुलगी, पण पुढचा महिनाभर बाबांबरोबर गॅरेजच्या स्टुलावर बसून जे शिकले ते तुम्हाला सांगते.

इंजिन चासीला घट्ट बांधलेलं नसतं, ते रबराच्या माउंटिंगवर बसतं. ब्रेक मारला की ते पुढे झुकतं, ॲक्सिलरेटर दिला की एका अंगाला वळतं. आमचे रबर जुनेच ठेवले होते, ते दबून गेले होते. त्यामुळे उभ्या गाडीत बोट जातंय याला काही अर्थच नव्हता. इंजिनावर बसलेल्या पंख्याची पाती आणि रेडिएटर यांच्यात निदान इंचभर जागा हवी, म्हणजे साधारण दोन बोटं. माउंटिंग जुने असतील तर आधी ते बदला आणि मगच मोजा. मोजायला आईने कणकेचा गोळा दिला. इंजिन बंद ठेवून तो पातं आणि रेडिएटर यांच्यात दाबायचा, बाहेर काढून पट्टीने जाडी बघायची. बोटापेक्षा हे केव्हाही बरं, कारण बोट प्रत्येकाचं वेगळं!

आता शराउडचं. ते नसेल तर पंखा फक्त आपल्या समोरच्या गोलातूनच हवा ओढतो, रेडिएटरचे कोपरे तसेच तापत राहतात. गर्दीत काटा का चढायचा, ते इथे कळलं. वेगात असताना वारा आपोआप आत येतो, सिग्नलला उभं राहिलं की सगळी भिस्त पंख्यावर. गाडी उभी असताना तापत असेल तर पंख्याकडे बघा. हायवेवर तापत असेल तर रेडिएटर लहान पडतोय किंवा आतून चोंदलाय, असा संशय आधी घ्यावा.

जागा वाढत नव्हती, म्हणून इंजिनावरचा पंखा काढून १२ इंची पातळ इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरवरच बसवला. रेडिएटरबरोबरच बांधलेला असल्याने इंजिन कितीही हललं तरी पाती जाळीला लागत नाहीत. पण या पंख्याचा सगळ्यात जाड भाग म्हणजे मधली मोटर, आणि ती बरोबर इंजिनाच्या पुलीसमोर येत होती. म्हणून पंखा एका बाजूला सरकवला आणि पूर्ण रेडिएटर झाकेल असं नवं शराउड पत्रेवाल्याकडून करून घेतलं. काही जण प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा बांधतात. तसं करू देऊ नका. घासून घासून नळीला भोक पडतं. आम्ही लोखंडी पट्ट्यांचे ब्रॅकेट लावले.

वायरिंग मिस्त्रींच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने केलं. हा पंखा साधारण १० अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त, म्हणून रिले आणि फ्यूज हवाच. थर्मोस्विच ९२ अंशांना पंखा चालू करतो. सगळं छान फिरत होतं आणि तरीही गाडी तापली! तेव्हा मिस्त्रींनीच शेवटी डोकं लावलं. वर्तमानपत्राचा एक कागद पुढच्या जाळीला धरला. तो चिकटायला हवा होता, पण उडून बाबांच्या तोंडावर आला. दोन वायरी उलट जोडल्यामुळे पंखा हवा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकत होता. वायरी बदलल्या, कागद जाळीला घट्ट चिकटला. मिस्त्री जरा ओशाळले. नव्या रेडिएटरचे अर्धे पैसे त्यांनी आपणहून सोडले, बाबांनी मात्र पूर्ण दिले. यावरून आईबाबांचं दोन दिवस भांडण चाललं, तो वेगळा विषय.

आणखी एक सांगते, कारण घाटात मी स्वतः ती चूक करणार होते. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कुकरसारखंच आहे ते, आत दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण फिरवलं की तेच पाणी तोंडावर उसळतं. बाबांनी माझा हात वेळेवर ओढला. अर्धा तास थांबा, चहा प्या.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा महेश्वरला गेलो. आजी मागच्याच सीटवर. निघण्याआधी बाबांनी इंजिन गरम करून पंखा चालू होऊ दिला, आणि आजी हातात कालचं वर्तमानपत्र घेऊन जीपच्या पुढे उभी राहिली. कागद जाळीला चिकटलेला बघितला, मगच गाडीत चढली.